थापा की प्रश्न?

दिवाळीच्या सुट्टीत मुदखेडच्या एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी घडलेला हा प्रसंग. सूर्य मावळतीला आला होता, ताटे वाढली होती, तरी आठवीतला नातू मोबाइलवरून मान वर करीना. तो ‘इंटरस्टेलर’ हा २०१४ सालचा इंग्रजी चित्रपट पाहत होता.

“एवढे काय आहे रे त्यात?” आजोबांनी विचारले.

“आजोबा, कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर माणसे उतरतात. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे!”

“थापा आहेत साऱ्या. सात वर्षांचे व्याज किती होते, ते काढ आधी. ऊठ, जेवून घे.”

नातू निमूटपणे उठला आणि जेवला. पुढे त्याने त्या चित्रपटाचे नावही घरात काढले नाही. आजोबांना वाटले, पोर शहाणे झाले. वस्तुतः पोराने प्रश्न विचारण्याची जागा बदलली होती. हा तोटा कोणत्याही खतावणीत दिसत नाही.

चित्रपटातील प्रमाण टोकाचे आहे. तत्त्व मात्र खरे आहे. जेथे गुरुत्वाकर्षण अधिक, तेथे काळ मंदगतीने चालतो, हा आइन्स्टाइन यांच्या १९१५ सालच्या सिद्धांताचा निष्कर्ष. माल घेऊन येणारा ट्रक कोठवर आला, हे आज व्यापारी मोबाइलच्या नकाशावर पाहतो. त्या सोयीमागे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आहेत. तेथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून त्यांची घड्याळे दररोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे सुमारे ७ मागे पडतात. शिल्लक ३८. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढासा हा फरक हिशेबात धरला नाही, तर एका दिवसात नकाशावरील चूक काही किलोमीटरवर जाईल. नातवाच्या ‘थापे’वर आजोबांचा ट्रक रोज विसंबून असतो, तो असा.

ही गोष्ट मराठी मुलांना नवी नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला, की हे डॉ. जयंत विष्णू नारळीकर! त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथाही पत्नीकडून लिहवून घेतली होती. १९६५ सालीच पद्मभूषण झालेल्या या शास्त्रज्ञाला नावाच्या वजनावर पारितोषिक नको होते. नाव झाकून माल पारखावा, ही कसोटी त्यांनी स्वतःलाच लावली. २० मे २०२५ रोजी ते गेले. ‘यक्षांची देणगी’सारखी त्यांची पुस्तके मात्र आजही मुलांच्या हाती देता येतात.

थापा म्हणून झिडकारणे ही एक चूक. दुसरी चूक त्याहून गोड आहे: “यात नवे काय? हे सारे आपल्या शास्त्रांत होतेच.” या उत्तराने शास्त्राचा मान वाढत नाही आणि मुलाची जिज्ञासाही भागत नाही.

परंपरेकडून घेण्याजोगे आहे ते वेगळेच. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ मराठीच्या पूर्वज भाषेत, महाराष्ट्री प्राकृतात रचलेले. त्यात राजा श्रेणिक गौतम गणधरांना शंका विचारतो: बलाढ्य राक्षसांना वानरांनी कसे जिंकले? कुंभकर्ण सहा महिने झोपेल कसा? या शंकेबद्दल राजाला कोणी गप्प बसवीत नाही. उत्तर मिळते, की वानर म्हणजे माकडे नव्हेत, ते वानरचिन्ह धारण करणारे विद्याधर. आणि रावण दशमुख ठरला, तो हारातील रत्नांत त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली म्हणून. आकाशातून विहार करणारे विद्याधर त्याही कथेत आहेतच. अद्भुताला तेथे मज्जाव नाही, शंकेलाही नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे. चित्रपट निवडताना त्यातील मारधाड किती, हे अवश्य पाहावे, वेळेची मर्यादाही घालावी. पण एखादा चित्रपट मुलाशेजारी बसून शेवटपर्यंत पाहावा. मग तीन प्रश्न विचारावेत. यातले काय घडू शकेल? काय घडू शकणार नाही? आणि हे कशावरून म्हणतोस? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. पावतीवाचून नोंद करू नये, हे व्यापाऱ्याच्या घरात मुलाला निराळे शिकवावे लागत नाही.

मुदखेडच्या त्या आजोबांनी आठवड्याभराने, दुकान बंद करता करता नातवाला हळूच विचारले, “त्या ग्रहावरची माणसे परत आली का रे?”

नातू क्षणभर पाहतच राहिला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी कुलूप लागायला बराच उशीर झाला.