डॉक्टर हवी, पण शेजारच्या घरातली

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, असं आपण हसत हसत म्हणतो. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बाबतीत आपण नेमके तसेच वागतो, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. लेकीसुनांच्या बाळंतपणाला रात्री दोन वाजता धावत येणारी डॉक्टर प्रत्येकाला हवी. पण आपल्याच घरातली मुलगी ती डॉक्टर व्हायचं म्हणाली, की लगेच "बाई गं, तेवढं सोडून दुसरं काहीही घे!"

हे आताच लिहायचं कारण घरातलंच आहे. माझ्या थोरल्या बहिणीची नात एमबीबीएस झाली. गुणांप्रमाणे तिला रेडिओलॉजी मिळतंय, पण तिला बाळंतपणाचीच शाखा हवी आहे. सगळं गणगोत तिला समजावतंय. रात्रीची झोप नाही, सणवार नाहीत, लग्न कसं जमणार, वर मारहाणीची भीती. मंडळी, तुमच्यातले बरेच जण हे वाचता, म्हणून चार गोष्टी इथेच सांगते.

तुमची भीती खोटी नाही. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात एक बाळंतीण अतिरक्तस्रावाने दगावली. डॉक्टरबाईंवर थेट खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी जीव दिला. खरं तर अशा वेळी आधी दुसऱ्या जाणकार, निःपक्ष डॉक्टरचं मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगून ठेवलं होतं. आपल्या महाराष्ट्रातही रुग्णालयातल्या हाणामारीविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला. पण संतापलेल्या जमावाला कायद्याची आठवण कोण करून देणार?

हा राग याच शाखेत इतका का उसळतो, याचा मी पुष्कळ विचार केला. एरवी माणूस दवाखान्यात जातो तो आजारी म्हणून. बाळंतीण मात्र धडधाकट, स्वतःच्या पायांनी चालत येते. घरी पेढ्यांची तयारी झालेली असते. त्यामुळे काही बिघडलं तर ते डॉक्टरनेच बिघडवलं, असं वाटतं. पण दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त फिरत असतं. बाळंत झाल्यावर पिशवी नीट आवळली गेली नाही, तर डॉक्टरच्या हाती उरतात ती मोजकी मिनिटं. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते उगीच नव्हे.

आमच्या घरात हे घडलेलं आहे. १९६४ साल, मी चौदा वर्षांची. थोरली बहीण माहेरी बाळंतपणाला आली होती. सुईण अनुभवी होती, मुलगा सुखरूप झाला, पण वार पुरती पडली नाही. डॉक्टर तालुक्याला. बैलगाडी जुंपून निघेपर्यंत ताई पांढरीफटक पडली होती. वाटेतच गेली. तो मुलगा म्हणजे या मुलीचा बाप. त्या रात्री जी डॉक्टर आमच्या गावात नव्हती, तीच व्हायला ही पोर निघाली आहे आणि आपण तिला अडवतोय!

आणि ही डॉक्टरकी उपयोगाची ठरते, हे आकडेच सांगतात. २०१८ ते २०२० या काळात भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. दवाखान्यातलं बाळंतपण, रक्ताची पिशवी, वेळेवर हात घालणारी डॉक्टर, या सगळ्यांचा यात वाटा आहे. तरी ३३ म्हणजेसुद्धा ३३ घरं, हे विसरू नये.

आनंदीबाई जोशींचं पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं. बाई चौदा वर्षांच्या. त्या दुःखातूनच त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेताना प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावरच. तेव्हाही लोक नको नकोच म्हणत होते.

आता डॉक्टर मंडळींनाही एक सांगायचंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांत शंभरातली चौदा बाळंतपणं सिझेरियनने झाली, खासगीत सत्तेचाळीस. एवढी तफावत पाहिली की लोकांना शंका येणारच. काही कारणं खरी असतील, पण ती बाईला आणि तिच्या माणसांना समजेल अशा भाषेत आधी सांगा. शाळेत मी हेच शिकले. निकाल लागल्यावर पालकांना बोलावून उपयोग नसतो.

आणि आपण काय करायचं? बाळंतपण जवळ आलं की कुठं न्यायचं आणि रक्त कोण देणार, हे आधी ठरवावं. दवाखान्यात दोघांनीच जावं, अख्खा गाव नेऊ नये. वाईट घडलंच, तर कागदपत्रं मागावीत. वैद्यक परिषद आहे, ग्राहक न्यायालय आहे, तिथे जावं. हात उगारू नये. एवढं आपण पाळलं, तर हुशार मुली या शाखेकडे पाठ फिरवणार नाहीत, आणि आपल्या लेकीसुनांना रात्री दोन वाजताही दार उघडं मिळेल.