ठिपके आणि माणसं

ई-मेलवरून जाहिरात करणाऱ्या लोकांना एक व्यसन असतं. 'पाठवा'चं बटण एकदा दाबलं की ते जागचे उठत नाहीत. पडद्यावर एक आलेख हलायला लागतो, शेजारी नकाशा असतो आणि त्यावर टपाटप हिरवे ठिपके उमटू लागतात. पुण्यात कुणीतरी मेल उघडला. नाशकात कुणी उघडला. कुणीतरी लिंकवर टिचकी मारली, झाला एक ठिपका निळा! निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी टीव्हीसमोर बसावं तशी शहाणीसुरती माणसं चहा गार होईपर्यंत त्या पडद्याकडे बघत बसतात.

माझं पोट गेली काही वर्षं असल्याच आलेखांवर चाललं आहे. नोकरी पुण्यात आणि घर केडगावात, त्यामुळे घरच्या गुऱ्हाळाची मेलयादी सांभाळायचं कामही ओघानं माझ्याकडेच आलं. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे असं समजून माझं मत आधीच सांगून टाकतो. हे हलते आलेख धोक्याची घंटा म्हणून उत्तम आहेत. प्रगतिपुस्तक म्हणून ते कुचकामी आहेत. आणि यादीतून कुणाचं नाव काढायचं हे तर त्यांच्यावरून मुळीच ठरवू नये. आता का ते सांगतो.

मुळात हा ठिपका उमटतो कसा? (ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) मेल उघडला गेला की नाही हे पाठवणाऱ्याला कळायची काही सरळ सोय ई-मेलमध्ये नाही. म्हणून एक युक्ती करतात. मेलच्या पोटात डोळ्यांना न दिसणारं, एका पिक्सेलएवढं चित्र दडवून ठेवतात. प्रत्येकाच्या मेलमधल्या चित्राचा पत्ता वेगळा. मेल उघडल्यावर ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडून मागवलं जातं, आणि ती मागणी आली की 'अमक्याने मेल उघडला' अशी नोंद होते. लिंकचंही तेच. ती आधी पाठवणाऱ्याच्या दारावरून जाते आणि मग तुम्हाला इच्छित स्थळी पोचवते. म्हणजे पडद्यावर जो ठिपका दिसतो, त्याचा खरा अर्थ 'कुणीतरी एक चित्र मागवलं' एवढाच. ते कुणी मागवलं, आणि मागवणाऱ्याने एक अक्षर तरी वाचलं का, हे त्या ठिपक्याला माहीत नसतं.

पूर्वी हा अंदाज बराचसा बरोबर यायचा. डिसेंबर २०१३ पासून जीमेल अशी चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवू लागलं. वाचणारा आमच्या केडगाव स्टेशनवर शटलची वाट बघत उभा असला, तरी चित्र मागणारा संगणक गुगलचा. त्यामुळे नकाशावर ठिपका कित्येकदा थेट कॅलिफोर्नियात! मग सप्टेंबर २०२१ मध्ये अॅपलने आपल्या मेलच्या अॅपमध्ये खाजगीपण जपायची एक सोय दिली. ती चालू असली की मेलमधली चित्रं आधीच गुपचूप आणून ठेवली जातात, माणसाने मेल उघडो वा न उघडो. म्हणजे फोन उशाशी ठेवून माणूस घोरत पडलेला असतो आणि इकडे आमच्या आलेखात त्याने मेल उघडलेला असतो. मोठ्या कंपन्यांच्या मेलवर पहारा देणारी सुरक्षा-सॉफ्टवेअरं तर मेल आत सोडण्याआधी त्यातल्या लिंकही तपासून बघतात. मेल पोचल्यापोचल्या काही सेकंदांत एकाच माणसाने सगळ्याच्या सगळ्या लिंकवर टिचकी मारलेली दिसली, की ते यंत्र आहे हे ओळखावं. एवढा उत्साही वाचक या भूतलावर नसतो.

याच्या उलटही होतं. ज्याने चित्रं दाखवणं बंद करून ठेवलंय, त्याने मेल दहा वेळा वाचला तरी आलेखात तो शून्य.

आता गुऱ्हाळाकडे येऊ. दौंड तालुक्यात आणि विशेषतः आमच्या केडगावच्या आसपास गुऱ्हाळं पुष्कळ. आमचं त्यातलंच एक लहानसं. हंगाम सुरू झाला की नेहमीच्या गिऱ्हाइकांना मी एक मेल पाठवतो. काही शे पत्ते आहेत, त्यात नातेवाईकही आले. ढेप कधी निघणार, काकवी आहे की नाही, पुण्याला गाडी कधी येणार, एवढंच त्यात असतं. धाकट्या चुलतभावाला हा आलेख फार आवडतो. (तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. वाच.) यंदा त्याने हट्टाने दोन मथळे करायला लावले. अर्ध्या लोकांना 'नवा गूळ आला', उरलेल्यांना 'संक्रांतीचा गूळ नोंदवा'. पाऊणएक तासात पहिली रेघ वर गेली आणि पठ्ठ्या म्हणाला, ठरलं, यापुढे पहिलाच मथळा!

इथे जरा थांबून एक हिशोब करू. समजा तोवर चाळीस जणांनी मेल उघडलेत, एका मथळ्याचे बावीस आणि दुसऱ्याचे अठरा. पडद्यावर हा फरक चांगला ठसठशीत दिसतो. आता एक साधं नाणं चाळीस वेळा उडवा. छापा-काट्यात एवढी किंवा याहून जास्त तफावत शंभरातल्या सुमारे चौसष्ट वेळा पडते. म्हणजे दोन्ही मथळे अगदी सारखेच असते, तरी असलं चित्र दिसण्याचीच शक्यता जास्त. त्यात आपण दर पाच मिनिटांनी बघणार आणि आपल्या आवडीची रेघ वर असेल नेमक्या त्या क्षणी 'ठरलं' म्हणणार. पाच षटकांनंतरच्या धावफलकावरून सामन्याचा निकाल जाहीर करण्यातला हा प्रकार. दोष आकड्यांचा नाही. रेघ हलत असली की माणसाला तिच्यात गोष्ट दिसते, आणि गोष्ट दिसली की हिशोब सुचत नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. चुकीचा मथळा निवडला म्हणून गूळ काही कडू होत नाही. मला खरी काळजी आहे ती पुढच्या पायरीची.

पुढची पायरी म्हणजे यादी 'साफ' करणं. ज्यांनी सहा महिन्यांत एकही मेल उघडला नाही त्यांना काढून टाका, असा या धंद्यातला रिवाज आहे. त्यामागे कारण आहे, नाही असं नाही. बंद पडलेल्या पत्त्यांवर मेल पाठवत राहिलं की जीमेल, याहूसारख्यांच्या नजरेत पाठवणाऱ्याची पत घसरते आणि मग चांगल्या गिऱ्हाइकांचेही मेल स्पॅममध्ये जाऊन पडतात. चुलतभावाने यंदा अशी यादी काढून मला दिली. त्या यादीत वरच्याच ओळींमध्ये आमची थोरली आत्या.

आत्याच्या नावापुढे कायम शून्य. म्हणजे आलेखाच्या मते तिला आमच्या गुळात काडीचा रस नाही. आणि हीच आत्या दरवर्षी संक्रांतीच्या आधी फोन करून आपल्या नि शेजारणींच्या मिळून ढेपा सांगते. गाडीची तारीख तिला मेलमधूनच कळलेली असते. नातवाने तिच्या फोनवर डेटा वाचवायला चित्रं बंद करून ठेवलीत, एवढीच काय ती भानगड. आत्या घरची, म्हणून तिचा खुलासा तरी झाला. त्या यादीतल्या बाकीच्यांचं काय? त्यांच्यात अशा किती आत्या असतील, हे तो आलेख सांगू शकत नाही. यादीतून काढल्यावर त्या बोलावणं आलं नाही म्हणून गप्प बसतील, आणि आपण म्हणू, बघा, होतंच नाही त्यांना स्वारस्य.

म्हणून मी ती यादी पुसू दिली नाही. त्यावरून घरात थोडी वादावादी झाली. ती अजून मिटलेली नाही.

वाद घालताना मला आठवण झाली ती आमच्याच गावातल्या एका जुन्या टपालयादीची. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावचं. पण त्यांच्या कामाला पैसे पुरवणाऱ्यांची यादी त्याआधीची आहे. १८८७ साली अमेरिकेत त्यांचं 'द हाय कास्ट हिंदू वूमन' प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदांनी वचन दिलं ते दहा वर्षांचं. त्या बळावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पुढे १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात मोठं वादळ उठलं, केसरीने टीकेची झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोण बरोबर होतं हा आजचा विषय नाही. माझं लक्ष आहे ते पैसे देणाऱ्यांकडे. बोटीने पत्र जायला आणि उत्तर यायला आठवडेच्या आठवडे लागत. अशा काळात असोसिएशनची मदत चालू राहिली. दहा वर्षांची बोली पुरी झाल्यावर १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे नवी संस्था उभी राहिली. शतक पालटता पालटता काम केडगावात स्थिरावलं होतं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथून 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचं इंग्रजी पत्रक परदेशातल्या वाचकांसाठी निघू लागलं.

त्या पत्रकाचा 'ओपन रेट' किती, हे कुणाला कधी कळलं नसेल. ते कोणी उघडलं, कोणी देवघराशी जपून ठेवलं, कोणी न वाचता चुलीत घातलं, देव जाणे. पण वाचकांनी दाद दिली की नाही हे मात्र कळत होतं. येणाऱ्या पत्रांतून कळत होतं, येणाऱ्या पैशांतून कळत होतं. फक्त उशिरा. १८९३ च्या त्या दिवसांत कुणाच्या टेबलावर हलता आलेख असता तर रेघ धाडकन खाली आलेली दिसली असती, आणि एखाद्या हुशार माणसाने यादी 'साफ' करायचा सल्लाही दिला असता. दहा वर्षांचं नातं पाच मिनिटांच्या रेघेवर मोजायला गेलं की असं व्हायचंच.

मग काय, आलेख बंदच करून टाकायचा? अजिबात नाही. त्याचं उत्तरही गुऱ्हाळावरच आहे. काहिलीत रस उकळत असतो तेव्हा गुळव्या तिच्यावरची नजर हलवत नाही. मळी वर आली की काढायची, चुलवाणातला जाळ कमी-जास्त करायचा, थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघायची, आणि वेळ आली की क्षणाचाही उशीर न करता काहील उतरवायची. तो डोळ्यांत तेल घालून बघतो, कारण बघितल्यावर लगेच करण्यासारखं काहीतरी त्याच्या हातात असतं. त्याच गुळाला बाजारात नाव झालं की नाही, हे मात्र तो काहिलीत बघत नाही. ते हंगाम सरल्यावर कळतं.

हलत्या आलेखाचंही तसंच. लिंक तुटलेली आहे, मेल धडाधड परत येतायत, लोक तक्रारीचं बटण दाबतायत, हे तिथल्या तिथे दिसलंच पाहिजे, कारण पाठवणं तिथल्या तिथे थांबवता येतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना नियमच घातलाय. एका टिचकीत यादीतून बाहेर पडता आलं पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत, म्हणजे हजारी तिनाच्याही आत. ही मळी आहे. तिच्यावर जरूर डोळा ठेवावा.

बाकीच्यासाठी मला सावकाश चालणारा आलेख हवा. त्यात यंत्राचे ठिपके वेगळ्या फिक्या रंगात असावेत. दोन मथळ्यांची तुलना किती दिवसांनी बघायची हे मेल पाठवायच्या आधी ठरवावं आणि तोवर त्या रेघा झाकून ठेवाव्यात. काही गिऱ्हाइकं चिठ्ठ्या टाकून निवडावीत, त्यांना एका खेपेला मेल पाठवूच नये, आणि मेल गेलेल्यांनी त्यांच्यापेक्षा जास्त गूळ नेला का ते बघावं. आणि ज्यांच्यापुढे शून्य आहे त्यांना काढण्याआधी सरळ विचारावं, 'मेल हवाय का?' तेही मेलमधूनच, आणि शक्य असेल तिथे फोन करून. यात आणखी एक साधी सभ्यता आहे. आपण गिऱ्हाइकाला पत्र लिहितोय, त्याच्या खिडकीतून डोकावत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला. पण कुणी किती वाजता अंथरुणात पडून आपलं पत्र वाचलं, हे कायद्याने विचारू दिलं तरी विचारू नये, असं मला वाटतं.

आपण ब्लॉगवाले या आजारातून कधीच गेलो आहोत, नाही का? एके काळी कोपऱ्यात तो लाल ठिपक्यांचा नकाशा लावला नव्हता असा मराठी ब्लॉग शोधावा लागला असता. टोकियोत ठिपका दिसला की दिवसभर अंगावर मूठभर मांस. :) तो ठिपका वाचक होता की शोधयंत्राचा रोबो, हे कुणी विचारलं नाही. आणि ज्यांच्यासाठी खरं लिहीत होतो, ते कधी दोन-तीन वर्षांनी एखाद्या लग्नात भेटायचे आणि म्हणायचे, 'तुझं ते वाचलं होतं हं.' त्याची नोंद कुठल्याच नकाशावर नसायची.

असो. चुलतभावासाठी जाहीर निरोप: ती यादी संक्रांतीपर्यंत तशीच राहील. ज्यांच्यापुढे शून्य आहे त्यांना आपण दोघं मिळून अर्धे अर्धे फोन करू. आत्याचा फोन तू कर.