शिक्षा भोगली, पण मृत्यूचा जाब?

मारहाणीच्या गुन्ह्यात आरोपीस शिक्षा झाली आणि पुढे त्याच जखमांनी जखमी माणूस दगावला, तर आरोपीवर पुन्हा खटला चालू शकतो काय? पुसद, दारव्हा, वणीकडील खेड्यांत बांधावरून वा पाणवठ्यावरून ज्यांना मार खावा लागतो, त्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न परका नाही.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका कर्मचाऱ्याने प्राणघातक हल्ला केला. खुनाचा प्रयत्न व जबरी चोरी याबद्दल त्यास सात वर्षांची शिक्षा झाली; ती भोगून तो सुटला. अरुणाताई मात्र अंथरुणावरच राहिल्या आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निवर्तल्या. तेव्हा हाच प्रश्न देशभर विचारला गेला.

एकाच अपराधाबद्दल दोनदा शिक्षा नाही, असे घटनेचे २० वे कलम सांगते. ते योग्यच आहे. हे संरक्षण उद्या आपल्यालाही लागेल. परंतु दुखापत हा एक अपराध व मनुष्यवध हा दुसरा. शिक्षेच्या वेळी मृत्यू घडलेलाच नसेल, तर नंतर मनुष्यवधाचा खटला चालू शकतो, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३००(३) मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७(३) मध्ये आहे.

मग अडचण कोठे? पुराव्यात! मृत्यू त्याच माराने झाला, हे सिद्ध करावे लागते. मध्ये वर्षे लोटली, दुसरा आजार आला, की हा दुवा तुटतो. अरुणाताईंच्या मृत्यूनंतर नवा खटला उभा राहिला नाही.

म्हणून वाचकहो, तीन गोष्टी ध्यानात धरा. जखमांचा दाखला व दवाखान्याचे सर्व कागद जपून ठेवा. जखमी दगावल्यास पोलिसांना तात्काळ लेखी कळवा आणि शवविच्छेदनावाचून अंत्यविधी करू नका. खटला चालू असतानाच मृत्यू झाला, तर दुसऱ्या खटल्याची गरजच नाही. न्यायालय निकालापूर्वी आरोप बदलू शकते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गावकीच्या दडपणाखाली घाईने तडजोड करू नका. मिटविलेल्या फिर्यादीत आरोपी निर्दोष सुटल्यासारखा होतो आणि वरील पोटकलम केवळ शिक्षा झालेल्यासच लागू पडते.

कायद्याने दार उघडे ठेवले आहे. ते आपल्याच हातांनी बंद करू नका.