शहरांतील संसाराचा जमाखर्च

आमच्या स्नेह्यांपैकीं एका कुटुंबांत गेल्या महिन्यांत घरगुती सभाच भरली होती, व तींत बसण्याचा योग आम्हांस आला. मंडळी सांगलीची. थोरले चिरंजीव मुंबईस फोर्टांतील एका कचेरींत नोकरीस आहेत. सूनबाई दादरच्या एका शाळेंत शिक्षिका. पदरीं पांच वर्षांची मुलगी. दादरास भाड्याची लहानशी जागा आहे. ती सोडून बदलापुरास कर्ज काढून ऐसपैस घर घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न. वडील म्हणाले, “भाड्याचा पैसा पाण्यांत जातो.” काका म्हणाले, “कर्ज म्हणजे मानेवरचें जूं.” दोन्ही पक्ष हिरीरीनें भांडले. शेवटीं आजींनीं विचारलें, “अरे, पण पोरीला बाप जागेपणीं दिसेल ना?” यावर कोणी कांहींच बोललें नाहीं. आमच्या मतें सर्व वादाचें मर्म या एका प्रश्नांत आहे.

मुंबईंतील जागेची टंचाई आजची नव्हे. १८९६ सालच्या प्लेगनें दाट वस्तीचा धोका दाखवून दिला, तेव्हां १८९८ मध्यें इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली व दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती त्याच्या आंखणींतून उभ्या राहिल्या. १९२० नंतरच्या वर्षांत सरकारनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ बी. डी. डी. चाळी बांधल्या. त्यांतील खोली अवघी १६० चौरस फुटांची! एवढ्या जागेंत तीन-तीन पिढ्या नांदल्या. वरळीच्या चाळींच्या पुनर्बांधणींतून २०२५ सालीं पहिल्या कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि एक गोष्ट विसरतां कामा नये. त्या कोंदट चाळींतील माणसाची गिरणी, मुलांची शाळा आणि अडीअडचणीला धांवणारा शेजार हीं सर्व हांकेच्या अंतरावर असत. आज मध्यम स्थितीच्या कुटुंबास मोठें घर मिळतें तें बहुधा या तिन्हींपासून दूर जाऊन.

आतां प्रथम पैशाचा हिशेब पाहूं. पन्नास लक्ष रुपयांचें कर्ज दरसाल शेंकडा ९ व्याजानें वीस वर्षांच्या मुदतीनें घेतल्यास दरमहा सुमारें ४५,००० रुपयांचा हप्ता बसतो, आणि अखेरीस सुमारें एक कोटि आठ लक्ष रुपये फेडावे लागतात. मुद्दलापेक्षां व्याजच अधिक! शिवाय मुद्रांक-शुल्क, नोंदणी आणि सोसायटीची वर्गणी हीं वेगळीं. म्हणून काकांचें म्हणणें पोकळ नव्हे. पण वडिलांचेंही पोकळ नव्हे. हल्लींचे भाड्याचे करार बहुधा अकरा महिन्यांचे. मालकाचें मन फिरलें कीं बिऱ्हाड हलवावें लागतें, आणि बिऱ्हाडाबरोबर कधीं कधीं मुलांची शाळाही. स्थैर्याला किंमत आहे, व ती देण्यांत गैर कांहींच नाहीं.

परंतु जो खर्च कोणत्याही वहींत लिहिला जात नाहीं, तो वेळेचा. बदलापूर हें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारें ६८ किलोमीटर. लोकलचा प्रवास सुमारें दीड तासाचा. घरापासून स्टेशन व स्टेशनापासून कचेरी धरून दोन तास सहज होतात. जाऊन-येऊन चार तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दरमहा शंभर तास. वर्षाचे बाराशें तास, म्हणजे रात्रंदिवस मोजून पन्नास दिवस! कर्जाच्या वीस वर्षांत हे हजार दिवस, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षें होतात. या काळांत मुलगी पांच वर्षांची पंचवीस वर्षांची होणार. शिवाय हे तास स्वस्थपणें वाचीत बसण्याचेही नव्हेत. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलगाड्यांतून रुळांवर पडून प्रवासी प्राणांस मुकले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

यावरून दूरचें घर सर्वथा त्याज्य, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. त्या कुटुंबापुरतें पाहतां, बदलापुरास एक खोली अधिक मिळाल्यास आजींना व आईवडिलांना वर्षांतून चार-सहा महिने मुलापाशीं राहतां येईल. दादरच्या जागेंत पाहुण्याची वळकटी पसरली कीं दार उघडत नाहीं. एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें हा लाभ लहान नव्हे. उलट, दादरचें भाडें हें केवळ चार भिंतींचें नसतें. १९२५ सालीं खुलें झालेलें शिवाजी पार्कचें मैदान, १८९८ पासूनचें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, परळचें १९२६ सालचें के. ई. एम. रुग्णालय, यांचें सान्निध्य त्या भाड्यांत येतें. पण जो गृहस्थ एवढें भाडें भरून मुलीस महिन्यांतून एकदांही मैदानावर नेत नाहीं, त्यानें आपल्या पैशाचा अर्धा मोबदला स्वतःच्या हातानें घालविला असेंच म्हटलें पाहिजे.

म्हणून आम्हीं त्या मंडळींस सुचविलें तेंच वाचकांसही सुचवितों. निर्णयापूर्वीं वहीच्या पानावर तीन रकाने आंखावे: पैसा, वेळ आणि माणसें. तिसऱ्या रकान्यांत कोण कोणास दिवसाकाठीं किती वेळ भेटेल, हें स्पष्ट लिहावें. ज्या गांवीं घर घ्यावयाचें तेथें आधीं एक महिना, शक्य तर पावसाळ्यांत, भाड्यानें राहून पाहावें. महिन्याचें भाडें गेलें तरी वीस वर्षांची चूक टळते. आणि आपल्या सभेंत जें आम्हांस खटकलें तेंही येथें सांगतों. ज्यांना पहांटे डबे करून चार तास प्रवास करावा लागणार, त्या सूनबाई त्या वेळीं आंत चहा करीत होत्या. त्यांचें मत आम्हीं मुद्दाम विचारलें. त्या म्हणाल्या, “घर मोठें झालेलें मला हवेंच आहे, पण तें झाडण्यापुरतीच मी त्यांत राहणार असेन, तर कोणासाठीं घ्यावयाचें?”

मंडळींनीं निर्णय एक वर्ष लांबणीवर टाकला आहे. कुर्ला-मुलुंडाच्या बाजूस मधली एखादी जागा मिळते का, हें चिरंजीव पाहत आहेत. पावसाळ्यांत एक महिना बदलापुरास काढण्याचेंही ठरलें आहे. हिशेबाची वही सूनबाईंच्या हातीं दिली आहे, आणि तिसरा रकाना भरण्यास आजी त्यांच्या शेजारीं बसल्या आहेत.