उडी आणि आगोट

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघा-तिघांनी तब्येतीची चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. मे महिना सगळा आमच्या चिपळूणच्या अंगणात सुतारकाम चालू होतं आणि मी तिथे बिगारी होते. त्यानंतर लिहायचं राहूनच गेलं.

नातू १३ वर्षांचा. पुण्याहून सुट्टीला येताना सायकल घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "आजी, उडी मारायला लाकडी रॅम्प करूया?" सूनबाईंचा फोनवरूनच नकार: "आई, नको हं, तुम्ही तरी त्याला सामील होऊ नका." शेजारचे काका म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका असून हे काय?"

शिक्षिका होते म्हणूनच तर! १९८३ सालची गोष्ट. मैदानात पोरांनी विटांवर फळी टेकवून सायकली उडवायला सुरुवात केली. मी फळी जप्त करून कपाटात टाकली. पोरांनी दुसरी फळी मिळवली आणि शाळेमागच्या खडीच्या रस्त्यावर, माझ्या नजरेआड, खेळ मांडला. आठवड्याभरात फळी विटांवरून सरकली आणि एकाचं मनगट मोडलं. "बघा, मी म्हणत नव्हते?" असं मी स्टाफरूममध्ये मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. आज ते आठवलं की लाज वाटते. मनगट मोडलं ते सरकत्या फळीमुळे. ती घट्ट कशी बसवायची हे सांगणारं मोठं माणूस तिथे नव्हतं, कारण ते फळी जप्त करून मोकळं झालं होतं.

म्हणून या वेळी मी हो म्हटलं. अट एकच: करायचा तर धड करायचा.

उंची १ फूट ठरवली. अंगणात खुंटी ठोकून ८ फुटांच्या दोरीला पेन्सिल बांधली आणि प्लायवर कमान आखली. भूमितीत मी कायम काठावर पास, हिशेब नातवाने केला. ही कमान सुरुवातीला जमिनीला समांतर असते, पुढे हळूहळू चढते आणि १ फूट उंचीला सुमारे २९ अंशांवर सुटते. लांबी ४ फुटांना थोडी कमी भरते. दोन्ही बाजूंना १८ मिमीचा प्लाय, मध्ये सहा-सहा इंचांवर आडव्या पट्ट्या आणि वर ६ मिमीचे दोन थर, कारण जाड प्लाय असा सहज वाकत नाही. जमिनीला टेकणाऱ्या टोकाला पत्र्याची पट्टी, म्हणजे चाक अडखळत नाही. उंच बाजूला मागे दोन छोटी चाकं, पण जमिनीपासून जराशी वर. पुढचं टोक उचललं की ती टेकतात आणि रॅम्प हातगाडीसारखा ढकलता येतो. खाली ठेवला की सगळा भार सांगाड्यावर, हलायचं नाव नाही.

झालं! पोरगं हेल्मेट चढवून उड्या मारायला मोकळं. उतरायच्या जागेवरचे दगड वेचून माती मऊ केली होती. तेव्हा मदतीला आलेले सुतारदादा शांतपणे म्हणाले, "ह्याची आगोट कधी करणार?"

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आगोट म्हणजे पावसाआधीची तयारी. घर शाकारायचं, लाकूडफाटा आत भरायचा, पावसाच्या बाजूला झापं बांधायची. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो नव्या वस्तूची गय करत नाही.

मी म्हटलं, प्लाय मरीन आहे, ७१० नंबरचा. दादा हसले. त्यातला डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो म्हणे, पण लाकूड ते लाकूडच, कापलेल्या कडेतून पाणी पितंच. मग उड्या थांबवून तीन दिवस हेच काम. प्रत्येक कडेला रंगाचे तीन हात, स्क्रूच्या भोकांतसुद्धा रंग. खालून काजूच्या टरफलांचं तेल, आपल्याकडे होड्यांना लावतात तसं. ते कातडी भाजतं म्हणून दादांनी स्वतःच लावलं. वरच्या रंगावर, तो ओला असतानाच, बारीक वाळू भुरभुरवली. मी ताडपत्रीत गच्च गुंडाळायला निघाले तर दादा म्हणाले, "बाई, लोणचं घालताय काय? वारा लागू द्या, नाहीतर बुरशी धरेल." शेवटी पडवीत चिऱ्याच्या तुकड्यांवर उभा ठेवला. चाकं लावली ती यासाठीच!

नातू कुरकुरला, "उडी मारायची सोडून हे काय!" मला मात्र शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवला. वस्तू केली की आम्ही मार्क देत होतो, आणि ती वस्तू कपाटात पडून वाळवी खायची. दुसऱ्या वर्षी ती कशी आहे हे मी एकाही मुलाला विचारलं नाही. मला वाटतं, खरा तास तिथून पुढे सुरू व्हायला हवा होता. आपण केलेलं टिकवायचं कसं हे शिकवायचं राहून गेलं. आणि पोरांना धोक्यापासून लांब ठेवताना आपण त्यांना याही जबाबदारीपासून लांबच ठेवतो. मोडेल म्हणून करूच दिलं नाही, तर जपायला ती कधी शिकणार?

हात मोडला का? नाही. गुडघे दोनदा सोलवटले, तेवढंच. सूनबाईंना ते इथे वाचूनच कळेल... असो.

परवा रात्री धो धो पाऊस चालू असताना पुण्याहून फोन आला. मला वाटलं, आजीची काळजी!

"आजी, कडा ओल्या नाहीत ना?"

बॅटरी घेऊन पडवीत जाऊन आले. एका कोपऱ्यात रंगाचा पापुद्रा सुटला होता. सांगितलं तर म्हणाला, "दिवाळीत आलो की पहिलं ते करतो."

आता माझे मार्क द्यायला हरकत नाही.