बलाढ्य कुत्र्याची किंमत कोण मोजतो?

चंद्रपूरच्या तुकूम-दुर्गापूर भागात अलीकडे सायंकाळी फेरफटका मारला, तर कित्येक फाटकांआड रॉटवायलर, जर्मन शेफर्ड अशी दांडगी कुत्री दिसतात. कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. औष्णिक वीज केंद्राच्या झुडपी आवारातील वाघ-बिबट्यांचा वावर ही आता या वस्त्यांना बातमी राहिलेली नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत याच परिसरात माणसे मारली गेली, तेव्हापासून तर अंधार पडल्यावर मुलांना अंगणात सोडण्यास आया धजत नाहीत. भीती खरी आहे. तीवर शोधलेला उपाय मात्र तपासून पाहावयास हवा, आणि तो तपासण्याचा थोडाफार अधिकार प्रस्तुत लेखकास आहे. कारण हा प्रयोग त्याच्या घरी झालेला आहे.

आमच्या घरी सात वर्षांची एक पॉमेरियन कुत्री होती. धाकट्या बंधूंनी नागपूरहून अडीच महिन्यांचे रॉटवायलरचे पिल्लू आणले. दोघे एकाच गोणपाटावर झोपत, आणि 'लहानपणापासून एकत्र वाढले म्हणजे झाले' या समजुतीत आम्ही निश्चिंत होतो. आठ महिन्यांत पिल्लू तिच्या सहापट वजनाचे झाले. एके दुपारी ती सवयीने त्याच्या थाळीकडे गेली आणि एका क्षणात तिचा खांदा त्याच्या जबड्यात होता. ती वाचली, टाके मात्र बरेच पडले.

घरात पहिला उद्गार निघाला तो 'ही जातच खुनशी' असा. वास्तविक तो कित्येक आठवडे थाळीपाशी गुरगुरत होता, आणि प्रत्येक वेळी आम्ही त्याला दटावून गप्प केले होते. गुरगुरणे ही कुत्र्याची नोटीस असते. ती देण्याची आम्ही बंदी केली, तेव्हा त्याने नोटीस न देताच कारवाई केली. दुसऱ्या बाजूने, पॉमेरियन त्याच्या अंगावर धावून जाई तेव्हा आम्ही हसत होतो. पाच किलोच्या प्राण्याचा उद्धटपणा गमतीचा वाटतो. पन्नास किलोच्या प्राण्याने तोच केला की गुन्हा ठरतो. शिस्त दोघांनाही हवी होती आणि आम्ही ती एकालाही लावली नव्हती.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात त्याचे याहून सोपे उदाहरण वर्गात देता येणार नाही. कारखानदार धूर सोडतो आणि खोकला शेजाऱ्यास होतो. चंद्रपूरकरांस हे निराळे शिकवावे लागत नाही. बलवान कुत्रा पाळणारा रुबाबाचा लाभ स्वतः घेतो, आणि त्याने टाळलेल्या श्रमांचा खर्च घरातले लहान कुत्रे, शेजारचे पोर किंवा दूधवाला भरतो. पिल्लाची किंमत हा या व्यवहारातला सर्वांत किरकोळ आकडा होय. खरा खर्च वेळेचा आहे. दोघांचे खाणे निराळ्या खोल्यांत, दार लावून, आणि थाळ्या लगेच उचलून झाले पाहिजे. घरी कोणी नसताना दोघे एकत्र राहता कामा नयेत, मग ती कितीही गुण्यागोविंदाने नांदत असोत. खेळाच्या भरातही वजनातला एवढा फरक लहान्याच्या जिवावर बेतू शकतो. लहान्यास थोरल्याच्या आवाक्याबाहेरची जागा हवी. मोठ्यास रोज दोन वेळा पट्ट्यावर हिंडवावयास हवे, आणि तेही पट्टा आवरू शकेल अशा माणसाने, दहा वर्षांच्या मुलाने नव्हे. बाहेर नेताना मुसके बांधण्यात कमीपणा नाही, फक्त त्यातून त्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. आमच्या वैशाखात हा फेरफटका पहाटे पाचलाच उरकावा लागतो. कुत्र्याला घाम येऊन अंग निवण्याची सोय नाही, हे पंचेचाळीस अंशांच्या गावी विसरून चालत नाही.

आणि ज्या बिबट्यासाठी हा सारा खटाटोप, त्याचे काय? विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव व गावठी कुत्र्यांचाच आढळला. अर्थात रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा हा पहारेकरी कमी आणि आमिष अधिक. त्यास रात्री घरात घ्यावे, आणि बिबट्यासाठी दिवे लावावेत, झुडपे तोडावीत, उकिरडे हटवावेत.

येथे कोणी हेमलकशाचा दाखला देतील. प्रकाश आमटे यांच्या अंगाखांद्यावर खेळणाऱ्या बिबट्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि प्रेमाने सारे साधते हा धडा त्यांतून सोयीस्करपणे काढला आहे. छायाचित्रात दिसत नाहीत ते पिंजरे आणि तेथे राहून केलेली अर्ध्या शतकाची नित्याची देखभाल. नऊ ते सहा घर बंद असणाऱ्या नोकरदार कुटुंबाने त्या प्रेमाशी बरोबरी सांगू नये.

सरकारनेही सोपी वाट धरून पाहिली. १२ मार्च २०२४ च्या पत्रान्वये केंद्राने रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले. कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र पुढच्याच महिन्यात रद्द केले. ते बरेच झाले, कारण जात बंद केली की मालकाचा निष्काळजीपणा दुसऱ्या जातीकडे वळतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्यास न हिंडवणे हा गुन्हा मानतो. भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम प्राण्याबाबत निष्काळजी राहणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. २०१७ चे नियम आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू देत नाहीत आणि पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी असे म्हणतात. आमच्या बंधूंनी पिल्लू घेतले तेव्हा विकणाऱ्याने नोंदणीचा कागद दाखविला नाही. आम्हीही मागितला नाही. महानगरपालिकेने मोठ्या कुत्र्याच्या मालकाकडे रेबीजच्या लशीचा दाखला, कुंपण आणि कुत्र्याला सांभाळणारा प्रौढ माणूस एवढे तरी दरवर्षी पाहावे. त्याचे शुल्कही मालकाकडूनच घ्यावे.

आमच्याकडे आता दोन थाळ्या, दोन खोल्या आणि मध्ये एक कमरेएवढे फळ्यांचे फाटक आहे. पॉमेरियन अजूनही फाटकापाशी येऊन आधी वास घेते, मग बंधूंच्या तोंडाकडे पाहते.