विश्लेषण : उंची पाच फूट आठ इंच, तरीही एनबीएमध्ये! कमी उंचीच्या खेळाडूला संघात जागा कशी मिळते?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस ग्रिझलीज संघाने जपानच्या युकी कावामुराला संघात घेतलं. त्याची उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे साधारण १७३ सेंटिमीटर. एनबीएमधल्या खेळाडूंची सरासरी उंची साडेसहा फुटांच्या आसपास असते. त्यामुळे त्या मोसमातला तो सगळ्यांत कमी उंचीचा खेळाडू ठरला. त्यातून त्याच संघात झॅक ईडी हा सव्वासात फुटांपेक्षा उंच खेळाडू होता. दोघे शेजारी उभे असलेले फोटो तुम्हीही स्क्रोल करताना पाहिले असतील.

अशा फोटोंखाली एक वाक्य हमखास असतं : ‘उंची नाही, जिद्द महत्त्वाची!’ वाचायला बरं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. जिद्द असलेली असंख्य मुलं निवड चाचणीतून परत पाठवली जातात आणि आपण नेमके कुठे कमी पडलो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

उंची कमी असली की गुण मिळवणं अवघड होतं का?

बास्केटची कडी जमिनीपासून १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. त्यामुळे पहिली शंका हीच येते. पण आक्रमणात कमी उंचीवर बरेच उपाय आहेत. एनबीएने १९७९-८० च्या मोसमात तीन गुणांची रेषा आणली आणि लांबून नेम साधणाऱ्याला मोल आलं. २००४ मध्ये बचाव करणाऱ्याने हात लावून ड्रिबल करणाऱ्याला रोखण्यावर कडक बंधनं आली. त्याचा सर्वाधिक फायदा चपळ गार्डना झाला.

आयझेया थॉमस हे त्याचं ठळक उदाहरण. उंची पाच फूट नऊ इंच. २०११ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव ६० वं, म्हणजे अगदी शेवटचं होतं. २०१६-१७ च्या मोसमात बॉस्टन सेल्टिक्सकडून त्याने सामन्यामागे सरासरी २८.९ गुण काढले. त्याच्या आधी मग्सी बोग्स होऊन गेला. उंची जेमतेम पाच फूट तीन इंच, एनबीएच्या इतिहासातली सर्वांत कमी, तरी तो १४ मोसम खेळला.

मग खरी अडचण कुठे आहे?

बचावात. समजा तुमचा सहा फुटी गार्ड समोरच्या गार्डला अडवतोय. तेवढ्यात समोरच्या संघाचा उंच खेळाडू येऊन त्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. याला ‘स्क्रीन’ म्हणतात. आता बचाव करणाऱ्या दोघांपुढे दोन पर्याय असतात. एकतर गार्डने त्या भिंतीला वळसा घालून आपल्या माणसामागे धावायचं, नाहीतर दोघांनी आपापली माणसं बदलून घ्यायची. दुसऱ्या पर्यायाला ‘स्विच’ म्हणतात. गेल्या दशकभरात एनबीएमध्ये स्विचचा वापर खूप वाढला, कारण लांबून नेम साधणाऱ्यांना क्षणभरही मोकळं सोडणं परवडेनासं झालं.

स्विच करायचा तर पाचही खेळाडूंना कोणालाही अडवता आलं पाहिजे. संघात एक जण पाच फूट आठ इंचाचा असला, की समोरचा प्रशिक्षक बरोबर त्यालाच हेरतो. मुद्दाम त्याच्यावरच स्क्रीन लावायला सांगतो, म्हणजे स्विच होऊन त्याच्यासमोर सहा फूट आठ इंचाचा गडी येतो. मग चेंडू त्या गड्याकडे. आपल्या क्रिकेटमध्ये कमकुवत क्षेत्ररक्षकाकडे मुद्दाम फटके मारून चोरटी धाव घेतात ना, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे तो प्रत्येक चढाईत करता येतो आणि त्या खेळाडूला लपवायला ‘थर्ड मॅन’सारखी जागा नसते.

म्हणजे प्रशिक्षकाच्या डोक्यात जमाखर्च चालू असतो. हा पोरगा १२ गुण मिळवून देईल, पण त्याच्यामुळे १५ गुण जाणार असतील तर? निवड समितीचा उंचीचा आग्रह हा नुसता पूर्वग्रह नसतो, तो या हिशेबातूनही येतो. ज्याला निवड मिळवायची आहे, त्याने हा हिशेब समजून घेतलेला बरा.

कमी उंचीचा खेळाडू तो हिशेब बदलू शकतो. स्क्रीन लागायच्या आत अंग चोरून फटीतून निघाला, तर स्विचची वेळच येत नाही. समोरच्या गार्डला त्याच्याच अर्ध्या कोर्टात गाठून त्रास दिला, तर चाल रचायला वेळ उरत नाही. ड्रिबल करताना चेंडू जमिनीलगत असतो आणि तिथे बुटक्या खेळाडूचे हात आधी पोहोचतात. धावत येणाऱ्या खेळाडूच्या वाटेत आधीच पाय रोवून उभं राहून धक्का अंगावर घेतला, तर फाउल समोरच्यावर जातो आणि चेंडू आपल्याकडे येतो. यातलं काही रील्समध्ये दिसत नाही. कोर्टवर मात्र जागा यावरच टिकते.

जपानने काय वेगळं केलं?

कावामुरा एकटा वर आलेला नाही. ज्या देशात उंच खेळाडू मोजकेच, त्या देशाने खेळाची पद्धतच बदलली. टॉम होवास हे प्रशिक्षक आधी जपानच्या महिला संघाकडे होते. उंचीत मागे असलेला हा संघ अखंड धावायचा, पाचही जणी तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरायच्या आणि मोकळी जागा दिसली की नेम साधायच्या. समोरच्या उंच सेंटरला त्यामुळे बास्केटखालची जागा सोडून बाहेर यावंच लागायचं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीत त्यांनी फ्रान्सला ८७-७१ असं हरवलं. त्या सामन्यात १६२ सेंटिमीटर उंचीच्या रुई माचिदाने १८ असिस्ट दिले. हा ऑलिम्पिक विक्रम होता. अंतिम सामन्यात जपान अमेरिकेकडून हरला, पण रौप्यपदक मिळालं. पुढच्याच वर्षी माचिदा अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएमध्ये खेळली.

नंतर होवास पुरुष संघाकडे आले. २०२३ च्या विश्वचषकात ओकिनावामध्ये सात फुटी लाउरी मार्कानेनच्या फिनलंडविरुद्ध जपान बराच मागे होता. कावामुराने २५ गुण काढले आणि जपानने तो सामना ९८-८८ असा जिंकला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तर यजमान फ्रान्सच्या नाकी नऊ आणले. व्हिक्टर वेंबन्यामासारखा खेळाडू समोर असताना कावामुराने २९ गुण केले. शेवटच्या काही सेकंदांत त्याच्याविरुद्ध दिलेल्या फाउलवर आजही वाद होतो. त्या फाउलमुळे फ्रान्सला बरोबरी साधता आली आणि जादा वेळेत जपान ९४-९० असा हरला. एनबीएच्या संघांना जे पाहायचं होतं, ते तिथे दिसलं होतं.

‘संघात निवड’ म्हणजे नेमकं काय?

इथे बातम्यांमध्ये थोडी गल्लत होते. एनबीएच्या संघात पूर्ण कराराच्या १५ जागा असतात. त्याशिवाय तीन जागा ‘टू-वे’ कराराच्या. त्यातला खेळाडू बहुतांश काळ दुय्यम ‘जी लीग’मध्ये खेळतो, मुख्य संघाबरोबर जास्तीत जास्त ५० सामन्यांना जाऊ शकतो, नवोदिताच्या किमान पगाराच्या निम्मा पगार घेतो आणि करार बदलल्याशिवाय प्लेऑफमध्ये खेळू शकत नाही.

कावामुरा आधी फक्त सराव शिबिरापुरत्या करारावर मेम्फिसला गेला होता. तिथे पासिंगने लक्ष वेधून घेतल्यावर त्याला टू-वे करार मिळाला. पहिल्या मोसमात मुख्य संघाकडून तो २२ सामने खेळला, तेही सरासरी चार मिनिटांच्या आसपास. संघाच्या दृष्टीने असा खेळाडू म्हणजे कमी जोखमीचा प्रयोग. कमी उंचीच्या खेळाडूसाठी हीच फट मोठी आहे, पण ती तितक्याच पटकन बंदही होते. २०२५ च्या उन्हाळ्यात समर लीगमध्ये चमकून त्याने शिकागो बुल्सचा टू-वे करार मिळवला. ऑक्टोबरमध्ये, मोसम सुरू व्हायच्या आधीच, पायाच्या दुखण्यामुळे बुल्सने त्याला मोकळं केलं.

उलट बाजूही पाहा. पंजाबचा सतनाम सिंग सात फूट दोन इंचांचा. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं, एनबीएच्या ड्राफ्टमधला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही.

बास्केटबॉल खेळून उंची वाढते का?

‘पोराला बास्केटबॉलला घाल, उंची वाढेल,’ हा सल्ला प्रत्येक घरात कोणीतरी मावशी-काका देतातच. उंची मुख्यतः आनुवंशिकतेवर आणि वाढीच्या वयातल्या आहार-आरोग्यावर ठरते. बास्केटबॉलचे खेळाडू उंच दिसतात, कारण उंच मुलांचीच निवड होते.

पालकांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचं सरासरी वय १३-१४, मुलींचं ११-१२. पण कोणी दोन वर्षं लवकर वाढतं, कोणी उशिरा. त्यामुळे १४ वर्षांखालच्या चाचणीत सगळ्यांत उंच दिसणारा मुलगा पुढेही उंचच राहील असं नाही. अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड म्हणून खेळायचा. शाळेतच तो काही महिन्यांत इतका वाढला, की पुढे एनबीएमध्ये सहा फूट दहा इंचांचा मोठा खेळाडू झाला. गार्ड असताना कमावलेलं चेंडूवरचं नियंत्रण त्याला नंतरही कामी आलं. लहानपणी उंच म्हणून थेट बास्केटखाली उभ्या केलेल्या मुलांना ते शिकायलाच मिळत नाही.

चाचणीला जाणाऱ्या कमी उंचीच्या मुलाला वेळ थोडाच मिळतो. त्यात लांबून दोन बास्केट टाकण्याच्या नादाला अनेक जण लागतात. त्यापेक्षा डाव्या हातानेही ड्रिबल करून दाखवावं, दबावाखाली चेंडू गमावू नये, उंच सहकाऱ्याला हव्या त्या जागी पास द्यावा आणि समोरच्या सगळ्यांत चांगल्या गार्डला ‘मी अडवतो’ म्हणून स्वतः मागून घ्यावं. निवड करणाऱ्याच्या मनात जी शंका आहे, तिचं उत्तर त्या शेवटच्या गोष्टीत असतं.